धूर घरातला, कायदा बाहेरचा

बसस्थानकावर बिडी पेटवली तर २०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तहसील कार्यालयात, दवाखान्यात, शाळेच्या आवारात, चहाच्या हॉटेलात पेटवली तरी तेवढाच. तीच बिडी घरी, दहा बाय बाराच्या खोलीत, पाळण्यापासून तीन हातांवर पेटवली तर कायदा काही म्हणत नाही.

याहून विचित्र गोष्ट पुढे आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातलं कलम ७७ सांगतं, की लहान मुलाला तंबाखूचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे मुलाच्या हातात बिडी ठेवली तर गंभीर गुन्हा आणि त्याच बिडीचा धूर त्याच्या नाकातोंडात गेला तर तो घरगुती मामला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. जुन्या कोडमध्ये असा विसंगत नियम दिसला की आम्ही आधी शिव्या घालतो आणि मग त्याचा इतिहास उघडून बघतो. कोणी, कधी, कशासाठी लिहिलं होतं? बहुतेक वेळा नियम मूर्खपणाने लिहिलेला नसतो. तो वेगळ्या प्रश्नासाठी लिहिलेला असतो आणि नंतर कोणी त्याच्याकडे वळून पाहिलेलं नसतं. आईबापांच्या धूम्रपानाचा आणि मुलांच्या तब्येतीचा इतिहास वाचताना मला हेच दिसलं. मुलांबद्दलचा पुरावा फार आधी आला होता. कायदा आला तो मात्र मोठ्यांच्या प्रश्नावर.

आधी पोटातलं बाळ

सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं १९५० च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेतल्या अभ्यासांनी दाखवलं. ते नातं होतं ओढणाऱ्याच्या स्वतःच्या शरीराशी. दुसऱ्याच्या धुराने तिसऱ्याला काय होतं, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारत नव्हतं.

तो प्रश्न पहिल्यांदा ठळकपणे उभा राहिला तो गर्भातल्या बाळाच्या निमित्ताने. १९५७ साली डब्ल्यू. जे. सिम्पसन या डॉक्टरांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो परगण्यातल्या ७,४९९ बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. सिगारेट ओढणाऱ्या आयांमध्ये अकाली प्रसूतीचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघालं. जितक्या सिगारेटी जास्त, तितका धोका जास्त.

हे वाचून आपल्याकडचा वाचक म्हणेल, आमच्या बाया कुठे सिगारेट ओढतात? खरं आहे. पण तंबाखू पोटातल्या बाळापर्यंत पोचायला धूरच लागतो असं नाही. मुंबईत प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १,२१७ गरोदर बायांचा अभ्यास केला. तो २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. या बाया मिश्री लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या होत्या, किंवा काहीच न घेणाऱ्या होत्या. तंबाखू घेणाऱ्या बायांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. शंभर ग्रॅम म्हणजे फार नाही असं वाटेल. पण ज्या घरात बाळ आधीच सव्वादोन-अडीच किलोचं जन्मतं, तिथे हे शंभर ग्रॅम त्याला धोक्याच्या रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे नेऊन ठेवतात.

१९७४: हॅरो आणि जेरुसलेम

बाळ जन्मल्यानंतर त्याच्या आजूबाजूच्या धुराचं काय? याचं मोजून दिलेलं उत्तर १९७४ साली आलं, आणि एकाच वर्षी दोन ठिकाणांहून आलं. दोन्ही अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले.

पहिला अभ्यास लंडनजवळच्या हॅरो भागातला. कॉली, हॉलंड आणि कॉर्कहिल या संशोधकांनी २,२०५ बाळांचा जन्मापासून पाच वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षात किती बाळांना न्यूमोनिया किंवा ब्राँकायटिस झाला, याचा हिशेब त्यांनी मांडला. आईबाप दोघंही ओढत नसतील तर शंभरात ७.८ बाळांना. एक जण ओढत असेल तर ११.४. दोघं ओढत असतील तर १७.६.

हे तीन आकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. कामावर आम्ही सर्व्हरवरचा लोड टप्प्याटप्प्याने वाढवतो आणि प्रत्येक टप्प्याला बिघाड वाढतोय का ते बघतो. टप्प्यागणिक वाढत गेला तर संशय पक्का होतो. इथे तेच घडलेलं होतं, फक्त मोजमाप बाळांच्या आजारपणाचं होतं.

अर्थात एक शंका येतेच. ओढणाऱ्या आईबापांना स्वतःलाच खोकला असतो, कफ असतो. मग बाळाला संसर्ग त्यांच्याकडून झाला असेल, धुराचा काय संबंध? ही शंका संशोधकांनाही आली होती. त्यांनी आईबापांच्या कफाची वेगळी नोंद ठेवली, आणि अभ्यासाच्या शीर्षकातच धुराबरोबर कफाचाही उल्लेख केला. कफाचा हिशेब वजा करूनही धुराचा परिणाम उरलाच. आणखी एक बारकावा त्यांनी नोंदवला. परिणाम सर्वांत स्पष्ट होता तो पहिल्या वर्षात, पुढे तो पुसट होत गेला. पहिलं वर्ष म्हणजे बाळ जवळपास सगळा वेळ घरात, आईच्या कुशीत, बापाच्या मांडीवर असतं ते वर्ष.

दुसरा अभ्यास जेरुसलेमचा. हार्लॅप आणि डेव्हिस यांनी १०,६७२ बाळांच्या रुग्णालयातल्या भरतीच्या नोंदी घेतल्या. आई सिगारेट ओढते का, हे गरोदरपणातच लिहून ठेवलेलं होतं. बाळ आजारी पडल्यावर आठवून सांगितलेलं ते नव्हतं. ओढणाऱ्या आयांची बाळं न्यूमोनिया-ब्राँकायटिससाठी जास्त वेळा भरती झालेली निघाली, आणि सिगारेटींची संख्या वाढेल तशी भरतीही वाढत गेली.

दोन शहरं, दोन पद्धती आणि उत्तर एकच. हे १९७४ साल होतं, म्हणजे माझ्या बाबांच्या शाळेच्या दिवसांतलं.

असं का होतं, हे समजायला फार विज्ञान लागत नाही. बिडी-सिगारेटचा धूर दोन वाटांनी निघतो. एक ओढणाऱ्याच्या छातीतून फिरून येतो, दुसरा जळत्या टोकावरून सरळ खोलीत जातो. खोलीतल्या हवेत दुसऱ्याचाच वाटा मोठा असतो. मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, नवजात बाळ ४० ते ६०. वजनाच्या मानाने बाळ आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतं. त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात. थोडी सूज आली, थोडा चिकट कफ साठला तरी वाट बंद व्हायला लागते. घशापासून कानापर्यंत जाणारी बारीक नळी अशीच सुजते आणि कान फुटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाळाला उठून बाहेर जाता येत नाही.

मग बायका, मग नोकरदार

जगाला खडबडून जागं केलं ते मात्र बाळांच्या नाही, बायकांच्या आकड्यांनी. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी स्वतः कधीही न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित बायकांचा १४ वर्षं पाठपुरावा केला. ज्यांचे नवरे जास्त ओढत, त्या बायकांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जास्त होते. हा अभ्यास जानेवारी १९८१ मध्ये छापून आला.

सिगारेट कंपन्यांनी त्यावर तुटून पडायला वेळ लावला नाही. हिशेब चुकलाय, पद्धत चुकलीय, असं सांगणारे तज्ज्ञ उभे केले गेले, जाहिराती दिल्या गेल्या. पुढे १९९८ च्या सुमारास अमेरिकेतल्या खटल्यांमुळे या उद्योगाची अंतर्गत कागदपत्रं खुली झाली. त्यांत दिसलं, की हिरायामा बरोबर आहेत असं उद्योगाच्या स्वतःच्या सल्लागारांचंही मत होतं. बाहेर मात्र उलटं सांगितलं जात होतं.

१९८६ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप यांनी दुसऱ्याच्या धुरावर संपूर्ण अहवाल काढला. कूप मूळचे लहान मुलांचे शल्यचिकित्सक. अहवालात मुलांच्या श्वसनाच्या आजारांवर स्पष्ट निष्कर्ष होता. पुढे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अंदाज दिला, की दीड वर्षाखालच्या बाळांमधली दरवर्षीची दीड ते तीन लाख श्वसनाची आजारपणं आजूबाजूच्या धुरामुळे होतात. २००६ च्या सर्जन जनरल अहवालाने आणखी एक पाऊल टाकलं. दुसऱ्याच्या धुराची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही, खिडकी उघडून किंवा पंखा लावून तो पूर्ण निघत नाही, आणि मुलांमधला दमा, कानाचे संसर्ग, फुप्फुसाची कमी वाढ, झोपेतले अचानक मृत्यू यांच्याशी त्याचा संबंध आहे, हे सगळं एका जागी लिहिलं गेलं.

पण कायदे करताना युक्तिवाद कोणता चालला? माझ्या कामाच्या ठिकाणी, माझ्या विमानात, माझ्या हॉटेलात मला दुसऱ्याचा धूर नको. हा मतदाराचा, नोकरदाराचा, प्रवाशाचा आवाज होता. तो योग्यच होता. पण सहा महिन्यांच्या बाळाला ना ऑफिस असतं, ना रेल्वेचा पास. त्याची सार्वजनिक जागा म्हणजे आईची मांडी.

आपला कायदा कसा आला

भारतात १९७५ साली सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापण्याचा कायदा आला. तो फक्त सिगारेटसाठी होता. देशात सिगारेटपेक्षा कितीतरी जास्त ओढली जाणारी बिडी त्यातून बाहेर राहिली. गरिबाच्या बंडलावर अनेक दशकं धोक्याचा शब्दही नव्हता.

१९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी धूम्रपान बेकायदा ठरवलं. मग मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले. २ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात न्यायालयाने जागांची यादी दिली: सभागृहं, रुग्णालयं, शिक्षणसंस्था, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कार्यालयं, रेल्वेसह सार्वजनिक वाहनं. न ओढणाऱ्याने दुसऱ्यामुळे जीव का धोक्यात घालावा, हा त्यामागचा प्रश्न होता. २००३ मध्ये संसदेने कायदा केला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे, कडक नियम लागू झाले. बिडीच्या बंडलावर चित्रासह इशारा यायला २००९ उजाडलं.

या सगळ्या प्रवासात 'सार्वजनिक जागा' हा शब्द कणा होता. त्यामुळे कायदा घराच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. मुद्दाम कोणी मुलांना वगळलं नाही. प्रश्नच सार्वजनिक जागेचा म्हणून मांडला गेला होता, उत्तरही तेवढंच आलं.

पण धूर आहे घरात. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात ३८.७ टक्के प्रौढांनी सांगितलं, की त्यांना घरात दुसऱ्याच्या धुराला तोंड द्यावं लागतं. प्रौढ निदान सर्वेक्षणात उत्तर तरी देतात. जगाचा हिशेब २०११ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. २००४ या एका वर्षात दुसऱ्याच्या धुराने सुमारे ६ लाख ३ हजार माणसं दगावली असावीत, आणि त्यांत १ लाख ६५ हजार मुलं होती, श्वसनमार्गाच्या संसर्गाने गेलेली.

चिमूरच्या बाजूने बघताना

आता आमच्या भागाकडे येतो. चिमूर म्हटलं की बहुतेकांना १६ ऑगस्ट १९४२ आठवतो, नाहीतर ताडोबाचा वाघ. आमच्यासाठी उन्हाळ्याचा वास तेंदूपत्त्याचा असतो. टेंभुर्णीची कोवळी पानं, पहाटे जंगलात जाऊन तोडलेली, घरी आणून सत्तर-सत्तरचे पुडे बांधलेली. पुडे बांधायला घरातली लहान पोरंही बसतात. मग ती पानं फळीवर उन्हात वाळत पडतात. एप्रिल-मेमधल्या त्या थोड्या दिवसांच्या पैशात शाळेची पुस्तकं, बियाणं, कधी लग्नाचं देणं भागतं. त्यासाठी बाया वाघाच्या जंगलात जातात आणि दरवर्षी काही जणी परत येत नाहीत.

हे पान शेवटी बिडीला गुंडाळलं जातं. त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीत बिडीविरुद्ध बोलणं सोपं नाही. ज्या पानावर घर चालतं त्याच्या धुराला विष म्हणायचं कसं? पण पान तोडणाऱ्या हाताला मिळणारा पैसा आणि त्याच्याच घरातल्या बाळाची छाती, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवूनच बघाव्या लागतील. पान विकलं म्हणून ते घरात जाळलंच पाहिजे असं नाही. बिडीत सिगारेटपेक्षा तंबाखू कमी असतो, पण तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही. बिडी विझू नये म्हणून सारखी आणि जोरात ओढावी लागते. साधी, देशी, झाडपाल्याची म्हणून ती सौम्य आहे, ही समजूत चुकीची आहे.

लहानपणी आबाजींचं बिडीचं बंडल आणायला मलाच पाठवायचे. माचिस वेगळी सांगावी लागत नसे, दुकानदार आपसूक द्यायचा. उरलेल्या चिल्लरचं चॉकलेट मिळायचं. आमच्या गल्लीतल्या बहुतेक पोरांची हीच ड्यूटी होती. लेकराला मांडीवर घेऊन बिडी ओढणारा माणूस वाईट बाप नव्हता. त्याच्या बापानेही तसंच केलं होतं, आणि धुराचा व बाळाच्या छातीचा संबंध त्याला कोणी सांगितलाच नव्हता. १९७४ साली हॅरोत जे मोजलं गेलं ते आमच्या गल्लीपर्यंत पोचलं नव्हतं.

पण आजार पोचलेला होता. आमच्याकडे लेकराचा श्वास जोरात चालायला लागला, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या की 'डब्बा झाला' म्हणतात. दवाखान्यातलं नाव न्यूमोनिया. गडचिरोली हा १९८२ पर्यंत आमच्याच जुन्या चांदा जिल्ह्याचा भाग. तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने याच आजारावर काम केलं. ५८ गावांत त्यांनी गावातल्याच माणसांना बाळाचे श्वास मोजायला आणि न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये आकडे आले. त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी ८.१ होते, शेजारच्या तुलनेच्या ४४ गावांत १७.५.

हॅरो आणि गडचिरोली या दोन अभ्यासांत सोळा वर्षांचं अंतर आहे आणि आजार एकच आहे. एकाने दाखवलं की धुराच्या घरात तो जास्त होतो. दुसऱ्याने दाखवलं की तो झाल्यावर गावातलं माणूसही बाळ वाचवू शकतं. गडचिरोलीतला न्यूमोनिया बिडीमुळे होतो असं मी म्हणत नाही. कमी वजन, कुपोषण, चुलीचा धूर, दूर असलेला दवाखाना, कारणं पुष्कळ आहेत. म्हणूनच जे एक कारण बिनपैशात काढता येतं ते ठेवायचं कशाला?

चित्र बदललंय हेही सांगायला हवं. त्याच २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ फक्त ३.८ टक्के निघाले, आणि धूर नसलेला तंबाखू खाणारे २४.४ टक्के. आमच्याकडे तो तंबाखू म्हणजे खर्रा. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटून पन्नीत बांधून मिळतो. खर्ऱ्याचा धूर होत नाही, त्यामुळे शेजारच्याला त्रास नाही असं वाटतं. पण गरोदर बाई खात असेल तर मुंबईचे ते १०५ ग्रॅम आठवायचे. आणि ज्या घरांत अजून बिडी आहे, तिथे बहुधा ती घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाची आहे. ज्याला कोणी काही बोलू शकत नाही असा माणूस आणि ज्याला बोलताच येत नाही असं बाळ, दोघं एकाच खोलीत.

उंबरा इतका पक्का आहे का?

सरकारने घरात नाक खुपसू नये, हे म्हणणं मला पटतं. बाजेवर बसलेल्या आजोबांवर पोलीस पाठवणारा कायदा मला नको आहे. पण घर म्हणजे खासगी, तिथे समाजाने बोलायचंच नाही, हे आपण कधी पाळलंय?

चुलीचं बघा. चुलीचा धूर हा पिढ्यान्‌पिढ्या बाईचा खासगी प्रश्न होता. न्यूमोनियाने दगावणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांच्या मागे घरातला धूर आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगू लागली. २०१६ मध्ये उज्ज्वला योजनेतून सरकार सिलिंडर घेऊन थेट स्वयंपाकघरात आलं. सिलिंडर पुन्हा भरायला परवडतो का, हा वाद वेगळा. स्वयंपाकघरात कशाला आलात, असं मात्र कोणी म्हटलं नाही.

दारूचं बघा. नवरा पिऊन येतो हा घरचा मामला होता. डिसेंबर २०१० मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या बाया चिमूरहून नागपूरला, विधानसभेच्या अधिवेशनावर पायी निघाल्या. श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी त्यांच्यासोबत होत्या. पुढे समिती बसली, १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी झाली, २०२१ मध्ये उठली. बंदी यशस्वी की अयशस्वी यावर आमच्याकडे आजही भांडणं होतात. पण एक गोष्ट कायमची झाली. घरात जे चालतं त्याची किंमत बायको आणि लेकरं मोजतात आणि त्यावर रस्त्यावर बोलता येतं, हे चिमूरने बघितलं.

परदेशातही उंबरा हळूहळू सरकला. स्कॉटलंडने मार्च २००६ मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपान बंद केलं, तेव्हा अनेकांना भीती होती की लोक आता घरात जास्त ओढतील आणि मुलांचं आणखी नुकसान होईल. झालं उलटं. निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन बनतं, ते लाळेत मोजता येतं. शाळकरी मुलांच्या लाळेतलं कोटिनिन वर्षभरात सरासरी ३९ टक्क्यांनी घटलं. बंदीआधी मुलांच्या दम्याच्या भरती दरवर्षी वाढत होत्या, बंदीनंतर त्या वर्षाला १८ टक्क्यांच्या वेगाने कमी होऊ लागल्या. बाहेर ओढणं अवघड झालं तेव्हा घरातल्याही सवयी बदलल्या. मग १ ऑक्टोबर २०१५ पासून इंग्लंडने मूल बसलेल्या गाडीत ओढण्यावर बंदी घातली. एका खासगी जागेत मुलाचं नाव घेऊन कायदा आला.

मग घरात कोण बोलणार?

हा लेख वाचणारे बरेच जण माझ्या वयाचे असतील. आपल्यातल्या काहींच्या घरी पाळणा हललाय, काहींच्या हलेल. दिवाळीला बाळ घेऊन गावी जाल तेव्हा ओसरीवर कोणीतरी बिडी शिलगावेल. सुनेला सासऱ्यांना बोलता येणार नाही. मुलगा म्हणेल, जाऊ दे, चार दिवसांचा प्रश्न आहे. इथे कलम नाही, दंड नाही, पोलीस नाही.

मला वाटतं, या कामाला योग्य माणूस आमच्या भागानेच देशाला दिलाय. गडचिरोलीत बंग यांनी नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याची पद्धत उभी केली. २०११ मध्ये ती देशाच्या कार्यक्रमात आली. आज आशाताई बाळ जन्मल्यावर ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी येते. वजन करते, ताप बघते, आईचं दूध नीट मिळतंय का विचारते. जो उंबरा कायद्याला ओलांडता आला नाही, तो ती रोज ओलांडते, आणि तिला चहाही मिळतो. तिच्या प्रत्येक भेटीत एक प्रश्न ठळकपणे असायला हवा: घरात कोण ओढतं, आणि कुठे बसून ओढतं? सासऱ्यांना ते सुनेने सांगितलं तर उद्धटपणा होतो. आशाताईने सांगितलं तर तो दवाखान्याचा निरोप होतो. आणि आजोबा दवाखान्याचा निरोप नातवासाठी ऐकतात.

सांगायचं तेही थोडंच आहे. बिडी सुटली तर उत्तम. सुटत नसेल तोवर घरात नको, ओसरीतही नको, अंगणाच्या पलीकडे. ओढून आल्यावर तोंड-हात धुवायचे, सदरा बदलायचा आणि मगच बाळाला घ्यायचं. धूर कपड्यांनाही चिकटतो, त्यामुळे एवढं करूनही धोका पूर्ण जात नाही, पण कमी होतो. ज्यांना सोडायची आहे त्यांच्यासाठी गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रम गावपातळीवर काम करतोय. तसं काम आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातही व्हायला हवं.

कायद्याने २००८ मध्ये बसस्थानक साफ करायला घेतलं. हॅरोतल्या त्या बाळांचे आकडे तेव्हा ३४ वर्षांचे झाले होते. आज ते पन्नाशी ओलांडून गेलेत, आणि ७.८, ११.४, १७.६ हा चढ कोणत्याही घरात अजून तसाच लागू आहे. आपल्या घरात यातला कोणता आकडा राहायला आलाय, हे ठरवायला संसदेची वाट बघायची गरज नाही.